पक्षाघाताच्या पूर्वसूचना : लक्षणे ओसरली तरी धोका कायम

काजूच्या हंगामात बागायतीत राबणाऱ्या माणसाच्या हातातून अचानक कोयता गळून पडतो, जीभ जड होते, ओठाची एक बाजू लोंबू लागते आणि पंधरा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत होते. ‘ऊन लागले’, ‘पित्त झाले’ असे म्हणून घरची मंडळी त्याला निजवतात. प्रत्यक्षात हा अल्पकालीन पक्षाघात, म्हणजेच ‘मिनी स्ट्रोक’ असू शकतो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील दूरच्या वाड्यांवर राहणाऱ्या कुटुंबांनी ही सूचना वेळीच ओळखणे विशेष गरजेचे आहे, कारण तेथून मोठे रुग्णालय गाठण्यातच बराच वेळ जातो.

नेमके काय घडते?

‘अंगावरून वारे गेले’ असे ज्याला म्हटले जाते, तो मूलतः मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा विकार आहे. बहुतांश रुग्णांत रक्तवाहिनीत गुठळी अडकते. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला नष्ट होतात, असा अंदाज आहे. मिनी स्ट्रोकमध्ये अडथळा आपोआप दूर होतो, म्हणून लक्षणे बहुधा तासाभरात नाहीशी होतात. मात्र गुठळी निर्माण करणारे कारण शरीरात तसेच राहते. त्यानंतरच्या दोन दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो. ऑक्सफर्ड येथील २००७ सालच्या अभ्यासात मिनी स्ट्रोक किंवा सौम्य झटका आलेल्या रुग्णांवर तातडीने उपचार केल्यास पुढील तीन महिन्यांतील झटक्यांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

लक्षणे कशी ओळखावीत?

- चेहरा : रुग्णाला हसण्यास सांगावे. ओठाची एक बाजू खाली ओघळते का, ते पाहावे.
- हात : डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलून धरण्यास सांगावे. दहा सेकंदांत एक हात खाली येणे ही धोक्याची खूण आहे.
- बोलणे : एखादे साधे वाक्य पुन्हा म्हणवून घ्यावे. उच्चार बोबडे होणे, शब्द न सुचणे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणे याकडे दुर्लक्ष करू नये.
- तोल आणि दृष्टी : अचानक झोक जाणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे, एकाऐवजी दोन वस्तू दिसणे किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी होणे.

यातील एकही लक्षण अचानक दिसल्यास, मग ते ओसरलेले असले तरी, १०८ क्रमांकावर फोन करावा.

वेळेचा हिशेब

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ सालच्या अमेरिकी संशोधनातून सिद्ध झाले. २००८ सालच्या युरोपीय अभ्यासाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढवली. रुग्णालयात पोहोचल्यावरही तपासणी, सीटी स्कॅन आणि इंजेक्शन यांत तासभर जाऊ शकतो. त्यामुळे घरच्यांच्या हाती प्रत्यक्षात तीन-साडेतीन तासच उरतात. तेरेखोलसारख्या गावातून निघताना तर फेरीबोटीने केरी गाठावे लागते किंवा सिंधुदुर्गातून वळसा घालावा लागतो. म्हणून सीटी स्कॅनची सोय कोठे आहे, याची माहिती कुटुंबाने आधीच घेऊन ठेवावी. मेंदूविकार विभाग बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत आहे. कोठे न्यायचे हे १०८च्या कर्मचाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. झोपेतून उठताना लक्षणे आढळल्यास झोपण्यापूर्वीची वेळ ग्राह्य धरली जाते. चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सोबत न्याव्यात. मधुमेह असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण साखर एकदम उतरली तरी अशीच लक्षणे दिसतात.

काय करू नये?

पाणी, चहा, काढा किंवा गोळी तोंडावाटे देऊ नये. गिळण्याची शक्ती मंदावलेली असल्यास अन्नपाणी श्वासनलिकेत जाते. ॲस्पिरिनही घरी देऊ नये, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तदाब वाढलेला दिसला तरी तो उतरवणारी जादा गोळी देणे घातक ठरू शकते. तेलाचे मालीश किंवा झाडपाला यांत वेळ दवडू नये. रुग्णाला वांती होत असल्यास त्याला कुशीवर वळवावे.

प्रतिबंध

उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे. मधुमेह, तंबाखू, अतिमद्यपान आणि हृदयाचे अनियमित ठोके हीदेखील महत्त्वाची कारणे होत. रक्तदाब आणि साखर यांची तपासणी डिचोली, सांखळी किंवा कासारवर्णे येथील सरकारी आरोग्य केंद्रांत करून घेता येते. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करण्याची सवय मोडणे, हा यातील सर्वांत सोपा आणि परिणामकारक उपाय आहे.