तव्यावरचं औषध

आमच्याकडं पूर्वी दात घासायला बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी असायची. ती नसली तर चुलीतली राखुंडी. बायांनी मात्र मिश्री धरली. कुणी तिला मशेरी म्हणतं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची अन् बोटानं हिरड्यांना लावायची. दाढदुखी थांबते म्हणून सुरू केलेलं औषध पुढं दिवसातून चार-पाचदा लागू लागलं. १९९२ साली सरकारनं तंबाखूच्या दंतमंजनावर अन् टूथपेस्टवर बंदी घातली. पण ती कारखान्याला, दुकानाला. घरच्या तव्याला कोण अडवणार? मिश्रीनं दुखणं दबतं, पण हिरडी दात सोडत जाते, तोंडाचा कॅन्सरही होतो. सकाळी अन् झोपताना फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश करावा. हिरडीतून रक्त आलं, तर तवा तापवू नये; दातांच्या डॉक्टरांकडं जावं.