एका डॉलरची पायरी

स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये चार महास्पर्धांखालोखाल १०००, ५०० व २५० अशा श्रेणींच्या स्पर्धा येतात. ही नावे २०२१ साली रूढ झाली. या शिस्तबद्ध रचनेच्या मुळाशी मात्र एक बंड आहे. १९७० साली लॉस एंजलिसच्या स्पर्धेत विजेत्यास १२,५०० डॉलर व विजेतीस अवघे १,५०० डॉलर ठरले होते. तेव्हा बिली जीन किंग, रोझी कॅसल्स आदी नऊ खेळाडूंनी निलंबनाची धमकी न जुमानता ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि ह्यूस्टन येथे वेगळी स्पर्धा भरली. त्यातूनच १९७१ ची स्पर्धामालिका व १९७३ ची खेळाडू-संघटना उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेने पारितोषिके समान केली. विम्बल्डनला त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले. आजच्या शिडीची पहिली पायरी त्या एका डॉलरची होय.