पियर्सिंग कनेक्टर

विजेच्या दोन तारा, त्यांच्यावरचे आवरण न सोलता, एकमेकींना जोडणारा चिमटा. आवरण भेदून आतल्या धातूला भिडणारे दाते आणि ते दाबून धरणारा बोल्ट हा त्याचा गाभा. लाईनवर काम करणारे त्याला ‘आयपीसी’ (इन्सुलेशन पियर्सिंग कनेक्टर) किंवा नुसते ‘पियर्सिंग’ म्हणतात. विजेच्या सामानाच्या दुकानात ‘एबी केबलचा कनेक्टर’ मागितला तरी तोच पुढे येतो. खांबावरच्या एबी केबलवरून, म्हणजे आवरणयुक्त तारांच्या हवाई केबलवरून, घराची सर्व्हिस वायर काढणे, रस्त्यावरच्या दिव्याला पुरवठा देणे, मुख्य केबलवरून गल्लीसाठी फाटा काढणे ही त्याची कामे. केबलची दोन तुटकी टोके समोरासमोर जोडायला तो चालत नाही, त्यासाठी दाबून बसवायची स्लीव्ह लागते. केबलचा ताणही त्याने पेलायचा नसतो. तो खांबावरच्या डेड-एंड क्लॅम्पने पेलायचा.

प्रवरा खोऱ्यातील गरज : कोल्हार हे अहिल्यानगर जिल्ह्यातले प्रवरेकाठचे, नगर–मनमाड रस्त्यावरचे गाव. कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर राहाता तालुक्यात, तर नदीपलीकडचे कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालव्यांचे पाणी फिरले आणि हा पट्टा उसाचा झाला. जवळच प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाला पाणी, पाण्याला मोटार आणि मोटारीला वीज, अशी ही साखळी पुढे वाढत गेली. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, त्या सुमारास देशात प्रयोग म्हणून पाच वीज सहकारी संस्था निघाल्या. कर्नाटकात हुकेरी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. मुळा-प्रवरेच्या वितरण परवान्याची मुदत ३१ जानेवारी २०११ रोजी संपली आणि तिच्या क्षेत्रातला पुरवठा महावितरणकडे आला.

या सगळ्या काळात गावागावांत वीज फिरली ती उघड्या ॲल्युमिनियमच्या तारांवरून. त्या तारा स्वस्त, ओढायला सोप्या, आणि त्यांना जोड देणे तर फारच सोपे: सर्व्हिस वायरचे टोक पक्कडीने सोलायचे, तारेभोवती चार वेढे द्यायचे, काम झाले. त्या सोपेपणाची किंमत उसाच्या पट्ट्याने पुरेपूर मोजली आहे. खांब कलतो, तारेला झोळ पडतो, वारा सुटला की दोन तारा एकमेकींना घासतात आणि ठिणग्या खाली वाळलेल्या पाचटावर पडतात. उभ्या उसाचा फड तासाभरात जळून जातो. दुसरे दुखणे आकड्याचे. उघड्या तारेवर बांबूने आकडा टाकायला अंधार आणि धाडस एवढेच लागते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तरी आकडे पडतच राहिले. ओल्या बांबूने आकडा टाकताना जीव गमावलेल्यांची बातमी ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही.

एबी केबल, म्हणजे पीळ घालून एकत्र बांधलेल्या आवरणयुक्त तारांची हवाई केबल, हा या दोन्ही दुखण्यांवरचा इलाज. युरोपात, विशेषतः फ्रान्स आणि फिनलंडमध्ये, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. भारतात ११०० व्होल्टपर्यंतच्या अशा केबलसाठी आयएस १४२५५ हे मानक १९९५ मध्ये आले. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतही उघड्या तारांच्या जागी एबी केबल टाकण्याच्या कामांना जागा आहे. अंगाला आवरण असल्यामुळे या केबलवर आकडा बसत नाही, तारा घासल्या तरी ठिणगी पडत नाही. पण त्याच आवरणामुळे अधिकृत जोडही उघड्या तारेसारखा देता येत नाही. ब्लेडने आवरण सोलले तर केबलचा मूळ फायदाच गेला, आणि पाते आतल्या तारांना लागले तर त्या तिथून तुटायला लागतात. पियर्सिंग कनेक्टर आला तो ही अडचण सोडवण्यासाठी.

रचना : मुठीत मावणारे, काळ्या रंगाचे, दोन जबड्यांचे शरीर. ते काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असते, म्हणून मजबूत; आणि रंग काळा असल्याने ऊन खाऊनही लवकर ठिसूळ होत नाही. जबड्यांत दोन खोबण्या: एक मुख्य तारेची, दुसरी फाट्याची. दोन्ही खोबण्यांना आरपार जोडणाऱ्या धातूच्या दातेरी पट्ट्या वर-खाली बसवलेल्या असतात. पट्ट्या कल्हई केलेल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या. कल्हईचे महत्त्व मोठे आहे. तांबे आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात थेट एकमेकांना भिडले तर ॲल्युमिनियम गंजत जाते. मध्ये कथलाचा थर असला की ही झीज रोखली जाते, आणि ॲल्युमिनियमच्या केबलवरून तांब्याची सर्व्हिस वायर बिनघोर काढता येते. दात्यांभोवती रबरी सील आणि ग्रीस असते, फाट्याच्या तारेचे कापलेले टोक झाकायला रबरी टोपी असते.

आवरणाची जाडी साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर. दाते तेवढे भेदून तारेत किंचित रुततील, पण तार कापणार नाहीत, इतकीच त्यांची उंची ठेवलेली असते. इथे ॲल्युमिनियमचा एक स्वभाव कामाला येतो, किंवा नडतो. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो वीज वाहू देत नाही. वायर सोलून पिळलेल्या जोडात हा पापुद्रा तसाच मध्ये राहतो. दाते आवरणासोबत तोही फोडतात, आणि भोवतीचे ग्रीस हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे नवा पापुद्रा धरत नाही.

बोल्टचे डोके हा या वस्तूतला सर्वांत हुशार भाग. त्यावर एकावर एक दोन षट्कोनी डोकी असतात. वरचे मऊ मिश्रधातूचे, मध्ये बारीक मान ठेवून बनवलेले. पान्याने आवळत गेले की ठरावीक जोर लागल्यावर ही मान मोडते आणि वरचे डोके पान्यासोबत हातात येते. तेवढा जोर लागला म्हणजे दाते हवे तितके रुतले. टॉर्क रेंच खिशात नसलेल्या माणसालाही नेमका दाब देता यावा यासाठी ही योजना आहे. खालचे डोके मागे उरते ते फक्त कनेक्टर काढण्यासाठी.

फ्रान्सचे एनएफसी ३३-०२० आणि युरोपचे ईएन ५०४८३-४ ही या कनेक्टरांची प्रसिद्ध मानके. त्यांतली एक चाचणी मुद्दाम सांगण्याजोगी: बसवलेला कनेक्टर पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवायचा आणि मग त्यावर ६,००० व्होल्टचा दाब एक मिनिट द्यायचा, आवरण फुटता कामा नये. २३० व्होल्टच्या लाईनवर चालणाऱ्या वस्तूसाठी ही कसोटी कडक वाटेल, पण पावसाळ्यात खांबावर धो धो भिजणारा जोड डोळ्यांसमोर आणला की ती वाजवी वाटते.

बसवण्याची रीत : आधी माप. कनेक्टरच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ मुख्य तारेसाठी १६–९५ आणि फाट्यासाठी ४–३५ चौरस मिलिमीटर. या मर्यादेबाहेरची तार कोंबली तर दाते एक तर पोचत नाहीत, नाहीतर तार चिरतात. केबलच्या पिळातून हवी ती तार लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरीने वेगळी काढायची, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. फेज ओळखायला आवरणावर एक, दोन, तीन असे उभे कंगोरे असतात. अंधारातही बोट फिरवून कळतात. फाट्याची तार टोपीत पूर्ण बसेपर्यंत सरकवायची, बोल्ट आधी हाताने, मग पान्याने आवळायचा, वरचे डोके तुटेपर्यंत. मेसेंजर, म्हणजे केबलचा भार वाहणारी आणि बहुधा न्यूट्रलचेही काम करणारी तार, उघडी असेल तर त्या बाजूला उघड्या तारेसाठीचाच कनेक्टर हवा.

बिघाड पुढे येतात ते नेमके याच टप्प्यावरच्या घाईतून. पक्कडीने धरून, डोके न तोडता, ‘बसला’ म्हणून सोडलेला कनेक्टर पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतो. दिवे लागतात, माणूस खाली उतरतो. पण दाते अर्धेच रुतलेले असतात आणि वीज थोड्याशा टेकणाऱ्या बिंदूंमधून जाते. जोडाचा रोध एक मिलिओहम असेल आणि ५० अँपिअर प्रवाह वाहत असेल तर तिथे अडीच वॅट उष्णता निर्माण होते, ती हवेत विरून जाते. हाच रोध दहा मिलिओहम झाला की तिथे २५ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटचे असते. दिवसा मोटारी चालू, जोड तापतो; रात्री भार उतरतो, जोड गार होतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, शिवाय सततच्या दाबाखाली हळूहळू पसरते. प्रत्येक फेरीत पकड थोडी ढिली, रोध थोडा जास्त, उष्णता आणखी जास्त. केबलचे आवरण ९० अंश सेल्सिअसपर्यंत कायम टिकावे असे असते. या जोडापाशी ती मर्यादा ओलांडली जाते आणि आवरण तपकिरी पडून चिरते. एबी केबल टाकल्यानंतरही ‘लाईट खालीवर होते’ ही तक्रार येते तेव्हा केबलला दोष देण्याआधी खांबावरचे जोड बघायला हवेत.

एकदा डोके तुटले की कनेक्टर दुसऱ्यांदा वापरायचा नसतो. दाते बोथट झालेले असतात, सील दबलेली असते आणि जोर मोजणारी मान गेलेली असते. जुना काढून पुन्हा तिथेच लावणे ही काटकसर महागात पडते. नवा कनेक्टर थोडे अंतर सोडून लावावा आणि जुन्या दात्यांची भोके स्वतःशीच चिकटणाऱ्या रबरी टेपने बुजवावीत, नाहीतर पाणी तिथून तारेच्या पिळात शिरते आणि बऱ्याच अंतरापर्यंत झिरपत जाते. नवरात्रात कोल्हारच्या भगवतीच्या देवळाभोवती असते तशी गर्दीची रोषणाई करताना कोणी केबलमध्ये टाचणी-खिळा टोचून तात्पुरती वीज घेतली तर रोषणाई उतरल्यावरही भोक तसेच राहते. तात्पुरती जोडणी रीतसर मागितली तर योग्य कनेक्टरने आणि मीटरवर मिळते.

न्यूट्रलचा जोड : तीन फेज आणि न्यूट्रल यांच्या चार कनेक्टरांपैकी सर्वांत काळजीने बसवायचा तो हा, आणि प्रत्यक्षात सर्वांत दुर्लक्ष होते ते याच्याकडे, कारण फेजचा जोड सुटला तर घर अंधारते, न्यूट्रलचा सैल पडू लागला तर आधी काहीच कळत नाही. तीन फेजच्या पुरवठ्यात घराला फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट मिळतात, दोन फेजांमध्ये ४०० च्या आसपास. गल्लीच्या फाट्यावरचा न्यूट्रल सुटला की घरे दोन फेजांच्या मध्ये एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर भार जास्त तिथे दिवे मंदावतात, ज्या फेजवर भार कमी तिथे दाब ३०० च्या वर चढतो, आणि टीव्ही, फ्रिज, पंखे एका झटक्यात जळतात. एकाच घराचा न्यूट्रल सुटला तर उपकरणे बंद पडतात, पण चालू बटणातून फेज न्यूट्रलच्या तारेत उतरतो. वीज गेली समजून त्या तारेला हात लावणाऱ्याला झटका बसतो. गल्लीच्या फाट्याला न्यूट्रलवर दोन कनेक्टर शेजारी शेजारी लावणे हा साधा उपाय आहे: एक सैल पडला तरी दुसरा धरून ठेवतो. एका कनेक्टरच्या खर्चात पूर्ण गल्लीची उपकरणे वाचत असतील तर तो खर्च करायलाच हवा.

काम करणाऱ्याची सुरक्षा : कनेक्टरचे शरीर पूर्ण आवरणयुक्त असल्याने, फाट्यावर भार नसेल तर, चालू लाईनवरही तो बसवता येईल अशी त्याची घडण आहे. म्हणून तसे करावे असा याचा अर्थ नाही. परमिट घेऊन, डीपीवरून पुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री करून, हातमोजे आणि पट्टा घालूनच खांबावर चढावे. एबी केबलवर एक वेगळी अडचण आहे: बंद लाईन जमिनीला जोडायची तर उघडी जागाच नाही. आणि जोडणे तर जरुरीचे, कारण कोणाच्या तरी जनरेटरमधून किंवा चुकीच्या पद्धतीने जोडलेल्या इन्व्हर्टरमधून उलटा पुरवठा येऊ शकतो. यावर उपाय म्हणून तात्पुरते अर्थिंग अडकवण्यासाठी बाहेर झाकलेले टोक काढलेले खास पियर्सिंग कनेक्टर मिळतात. ते केबल टाकतानाच ठरावीक खांबांवर बसवून ठेवायचे असतात. केबलच्या कंत्राटात ही बाब सर्वांत आधी वगळली जाऊ नये. वायरमनचा जीव तिच्यावर असतो.

याच तत्त्वाच्या इतर वस्तू : टेलिफोनच्या खांबावरच्या आणि इमारतीतल्या डब्यांत क्रोन कंपनीच्या पट्ट्या असत. त्यांच्या चिरेत बारीक तार टोचणीने दाबली की धातूच्या दोन धारा आवरण कापून तारेला दोन्ही बाजूंनी धरतात. सोल्डर नको, स्क्रू नको, सोलणे नको. संगणकाच्या जाळ्याच्या केबल आजही अशाच टोचल्या जातात. वाहनांसाठी घडी घालून पक्कडीने दाबायची प्लास्टिकची क्लिप मिळते. तिच्यातल्या पत्र्याच्या खाचेत दोन्ही वायरी एकदम पकडल्या जातात. गाळप हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांना ही क्लिप लावलेली आढळते. तिथे ती कमी पडते. ट्रॉली हादरते, चिखलपाणी उडते, खाचेत हिरवा गंज धरतो आणि मागचा दिवा विझतो. नगर–मनमाड रस्त्यावर रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली किती घातक असते हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना माहीत आहे. ट्रॉलीसाठी आत ग्रीस भरलेली जलरोधक क्लिप घ्यावी, किंवा वायरी सोलून, दाबून, वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

बिघडत चाललेला जोड जमिनीवरूनही ओळखता येतो. संध्याकाळी भार चढल्यावर खांबाजवळ तडतड आवाज येणे, कनेक्टरखालची केबल तपकिरी किंवा चकचकीत काळी दिसणे, पावसाच्या पहिल्या सरीबरोबर दिवे लुकलुकणे आणि शेजाऱ्याकडे उजेड जास्त तर आपल्याकडे कमी असा फरक पडणे, या खुणा. शेवटची खूण न्यूट्रलची असते. ती दिसताच घरातला मेन स्विच बंद करून १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि खांबाचा क्रमांक सांगावा.