ग्राउचोसमोर उभा असलेला ब्रॅडबरी

एम.ए.च्या वर्गाला आम्ही दोघे मिळून विज्ञानसाहित्याचा भाग शिकवतो, आणि त्यातला एक दिवस रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीसाठी राखून ठेवतो. पुस्तके जाळणारे अग्निशामक, भिंतीएवढे दूरचित्रवाणीचे पडदे, पुस्तकेच्या पुस्तके मुखोद्गत करून गावाबाहेर भटकणारी माणसे, हे सारे सांगत असताना वर्गात एक गंभीर शांतता पसरते. खरे सांगायचे तर ती शांतता आम्हांला आवडते. एका वर्षी मात्र ती मोडली. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर एक जुनी कृष्णधवल चित्रफीत शोधून काढली होती. तीत आमचा हा लेखक एका प्रश्नमंजूषेत स्पर्धक म्हणून उभा होता आणि समोर बसला होता विनोदवीर ग्राउचो मार्क्स. "सर, हाच का तो?" असे त्या विद्यार्थ्याने विचारले, आणि वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण ओशाळून.

ते ओशाळणे नेमके कशाचे होते, याचा शोध घेता घेता आम्ही एका निराळ्याच इतिहासात जाऊन पोहोचलो. तो येथे मांडत आहोत.

'यू बेट युअर लाइफ' हा कार्यक्रम १९४७ साली अमेरिकन नभोवाणीवर सुरू झाला, १९५० साली दूरचित्रवाणीवर आला आणि १९६१ पर्यंत चालला. म्हणायला प्रश्नमंजूषा, पण प्रश्नांचे स्थान दुय्यमच. स्पर्धक जोडीने उभे केले जात. ग्राउचो त्यांचे नाव, गाव, धंदा, संसार यांची चौकशी करी आणि मिळेल त्या उत्तरावर कोटी करी. बोलण्याच्या ओघात आधीच ठरलेला 'गुप्त शब्द' कोणाच्या तोंडून निघाला, तर वरून एक खोटे बदक खाली उतरे आणि त्या जोडीला शंभर डॉलर मिळत. थोडक्यात, स्पर्धक हा विनोदाचा कच्चा माल. आपल्याकडे २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हा समोरच्या खुर्चीतल्या माणसाला अदबीने वागवण्याची पद्धत पडली. ग्राउचोच्या दरबारात ती अपेक्षा कोणी ठेवत नसे.

२४ मे १९५६ रोजी या दरबारात ब्रॅडबरी दिसला. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. 'द मार्शन क्रॉनिकल्स' (१९५०) आणि 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) ही पुस्तके त्याच्या नावावर होती. जॉन ह्यूस्टनच्या 'मॉबी डिक' या चित्रपटाची पटकथा त्याने लिहिली होती आणि तो चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित व्हायचा होता. असा माणूस तेथे कशाला गेला, हा वर्गाचा प्रश्न होता. आमचा प्रश्न त्याहून अवघड होता, कारण कादंबरी आमच्या हातात होती. तीत अग्निशामक दलाचा प्रमुख बीटी नायकाला समजावतो, की ज्यांत नुसते पाठांतर लागते अशा स्पर्धांत लोकांना गुंतवून ठेवावे, म्हणजे आपण हुशार आहोत असे त्यांना वाटते आणि ते सुखी राहतात. नायकाची पत्नी मिल्ड्रेड तीन भिंतींवरच्या पडद्यांशी संवाद करते. नाटकात तिच्यासाठी मोकळ्या सोडलेल्या जागी ती आपली वाक्ये म्हणते आणि चौथ्या भिंतीसाठी नवऱ्याकडे हट्ट धरते. हे लिहून तीन वर्षे होत नाहीत तोच लेखक स्वतः त्या पडद्यात जाऊन उभा राहतो! आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांची यात पंचाईत होते. लेखकाने आपल्या पुस्तकाप्रमाणे वागावे, असे आपण उघडपणे म्हणत नाही, पण मनात धरून बसलेलो असतो.

ब्रॅडबरीच्या बाबतीत या संकोचाची गोष्ट फार मागे, १९२९ सालापासून सुरू होते. त्या वर्षाच्या आरंभी 'बक रॉजर्स' ही पंचविसाव्या शतकातली चित्रकथा अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतून रोज प्रसिद्ध होऊ लागली. इलिनॉयमधल्या वॉकीगन या गावी नऊ वर्षांचा रे तिची कात्रणे जमवू लागला. शाळेतल्या मुलांनी त्याची टर उडवली. भविष्यातली विमाने आणि अग्निबाण असले काही कधी होणार आहे का? रेने घरी जाऊन सारी कात्रणे फाडून टाकली. काही दिवसांनी त्याला रडू कोसळले आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून जमवायला सुरुवात केली. ही आठवण तो म्हातारपणापर्यंत सांगत राहिला. ती सांगून सांगून थोडी गुळगुळीत झाली असेलही, पण आपल्या लेखनाचा उगम सांगताना हा लेखक एखाद्या थोर ग्रंथाचे नाव न घेता फाडलेल्या कात्रणांकडे बोट दाखवतो, हे समीक्षकाने नोंदवून ठेवायला हवे.

१९३४ साली ब्रॅडबरी कुटुंब लॉस एंजेलिसला आले. त्याच वर्षी ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाने आपल्या मासिकाच्या वाचकांसाठी 'सायन्स फिक्शन लीग' काढली. त्याआधीही त्याच्या मासिकांत वाचकांची पत्रे पत्त्यांसकट छापली जात. एकेकट्या वाचकांना एकमेकांचा पत्ता लागला तो असा, आणि ज्याला 'फॅनडम' म्हणतात तो चाहत्यांचा गोतावळा त्यातून उभा राहिला. लॉस एंजेलिसच्या शाखेची बैठक दर गुरुवारी क्लिफ्टन्स नावाच्या खाणावळीत भरे. १९३७ साली सतरा वर्षांचा ब्रॅडबरी तेथे पोहोचला. फॉरेस्ट ॲकरमन हा त्या मंडळाचा आधारस्तंभ. हेन्री कटनर, ली ब्रॅकेट, पुढे रॉबर्ट हाइनलाइन अशी माणसे तेथे भेटत. ब्रॅडबरी खिशाने रिकामा, आवाजाने मोठा आणि बराचसा आगाऊ असे. १९३८ साली शाळा संपल्यावर तो रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून वर्तमानपत्रे विकू लागला. कॉलेजात तो कधीच गेला नाही. त्याची छापून आलेली पहिली कथा जानेवारी १९३८ मध्ये याच मंडळाच्या नियतकालिकात आली, आणि ती वाईट आहे असे पुढे तो स्वतःच म्हणे.

आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतून हस्तलिखित अंक निघत. कोणी अक्षर चांगले म्हणून लेखनिक होई, कोणी वेलबुट्टी काढी, आणि संपादकाच्याच दोन-तीन कविता निरनिराळ्या नावांनी अंकात शिरत. फॅनझीन हा त्याचाच सायक्लोस्टाइलवरचा अवतार समजावा. १९३९ च्या उन्हाळ्यात ब्रॅडबरीने 'फ्युच्युरिया फँटेशिया' नावाचे असे नियतकालिक काढले. पैसे ॲकरमनचे. काही मजकूर ब्रॅडबरीनेच टोपणनावांनी लिहिला. चार अंक निघाले आणि ते थांबले. अंकांतले लेखन उत्साही आहे, यापलीकडे फारसे बोलण्यासारखे नाही. मुखपृष्ठांचे मात्र तसे नाही. चारही मुखपृष्ठे हॅनेस बोक या तरुणाची होती.

बोकचे खरे नाव वेन वुडर्ड. योहान सेबास्टियन बाखच्या नावावरून त्याने हे नाव घेतले होते. मॅक्सफील्ड पॅरिश हा त्याचा आदर्श. रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवत जायचे, म्हणजे चित्र आतून उजळल्यासारखे दिसते, ही पॅरिशची रीत त्याने उचलली. काम फार सावकाश होई. चेहरे अर्धे परीकथेतले, अर्धे दुःस्वप्नातले. तो पश्चिम किनाऱ्यावर राहणारा, आणि मासिकांची कार्यालये न्यूयॉर्कला. तेथवर जायचे त्याला परवडणारे नव्हते.

२ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. सुमारे दोनशे माणसे जमली. आपल्या साहित्य संमेलनांची परंपरा जाणणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल, की पहिल्याच संमेलनात मानापमान झाला आणि फ्रेडरिक पोलसह सहा जणांना दारातून परत पाठवण्यात आले. पण आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. या संमेलनाचा सन्माननीय पाहुणा लेखक नव्हता, चित्रकार होता. फ्रँक आर. पॉल याने मासिकांच्या मुखपृष्ठांवर भडक पिवळ्या-तांबड्या रंगांत जी नगरे आणि यंत्रे रंगवली, ती पाहूनच ही पोरे वाचनाकडे वळली होती. विज्ञानकथेच्या इतिहासात चित्र हे कथेची सजावट म्हणून आले असे आपण शिकवतो. वाचकाच्या बाजूने पाहिले तर चित्र आधी आहे आणि कथा मागाहून. ॲकरमन आणि त्याची सहकारी मर्टल डग्लस हे त्या दिवशी पॉलच्या चित्रांवरून आणि 'थिंग्ज टू कम' या चित्रपटावरून बेतलेले भविष्यकाळाचे पोशाख घालून हिंडले. पोशाख मर्टलने शिवले होते. आज जगभर अशा मेळाव्यांत जे वेषांतर चालते त्याचे मूळ येथे दाखवतात. रस्त्यावरची मुले त्यांना पाहून बक रॉजर्स म्हणून ओरडली, असे ॲकरमन सांगत असे. दहा वर्षांपूर्वी वॉकीगनला एका मुलाला ज्या नावाने खजील केले, तेच नाव येथे दोन मोठी माणसे अंगावर मिरवीत होती.

ब्रॅडबरी या संमेलनाला गेला तो ॲकरमनकडून उसने पैसे घेऊन, अमेरिका आडवी पार करणाऱ्या बसने. त्याच्या सामानात बोकची चित्रे होती. अठरा वर्षांचा हा वर्तमानपत्रविक्या ती घेऊन 'वियर्ड टेल्स' या मासिकाचा संपादक फार्न्सवर्थ राइट याच्याकडे गेला. स्वतःची एकही कथा तोवर विकली गेलेली नव्हती, आणि हा दुसऱ्याची चित्रे विकायला निघाला होता. राइटला ती आवडली. डिसेंबर १९३९ च्या 'वियर्ड टेल्स'चे मुखपृष्ठ बोकचे आहे. ब्रॅडबरीला स्वतःच्या पहिल्या विक्रीसाठी १९४१ उजाडावे लागले. ती कथाही त्याच्या फॅनझीनमधल्या एका कथेवरून हेन्री हास याच्या सोबतीने पुन्हा लिहिलेली होती. मानधन साडेसत्तावीस डॉलर, ते दोघांत वाटून घेतलेले.

ब्रॅडबरीची चरित्रे हा प्रसंग एका परिच्छेदात आटोपतात. आम्हांला तो त्याच्या पहिल्या पुस्तकापेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही. अपरिचित दारात उभे राहून, आपले हसे होईल याची पर्वा न करता, जे आवडते ते आवडते म्हणून सांगणे ही त्या खाणावळीतल्या गुरुवारांची शिकवण होती. लेखनाचे तंत्र तो तेथे कमीच शिकला असावा.

बोकचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. १९५३ साली ह्यूगो पुरस्कार प्रथम दिले गेले, तेव्हा मुखपृष्ठ-चित्रकाराचा पुरस्कार त्याला एड एम्शविलरबरोबर विभागून मिळाला. पण सावकाश काम करणाऱ्याला मासिकांच्या दराने पोट भरणे शक्य नव्हते. तो ज्योतिषाकडे वळला, एकटा राहू लागला, आणि १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये दारिद्र्यात वारला. वय पन्नासही नव्हते. त्याच्या स्मृतीसाठी एमिल पेटाया या मित्राने १९६७ साली संस्था काढली. त्याच वर्षापासून ह्यूगो पुरस्कारांत हौशी चाहत्या-चित्रकारांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. बोकचे सगळे आरंभीचे काम ज्या प्रकारचे, त्याला नाव मिळाले ते असे, त्याच्या मागे.

ब्रॅडबरीला संकोच शिवलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. नाव झाल्यावर आपल्याला विज्ञानकथाकार म्हटलेले त्याला आवडेनासे झाले. आपले 'फॅरनहाइट ४५१' तेवढी विज्ञानकथा, बाकीचे सारे अद्भुत, असे तो पुनःपुन्हा सांगे. प्रतिष्ठित साप्ताहिकांत कथा येऊ लागल्यावर जुन्या गोतावळ्याचे लेबल अडचणीचे होते, हे उघड आहे. यात थोडा कृतघ्नपणा आहे, असे आमच्यापैकी एकाचे मत. दुसऱ्याच्या मते हे नुसते व्यवहारज्ञान. हा वाद आम्ही मिटवलेला नाही.

हे सगळे मनात ठेवून आम्ही ती चित्रफीत पुन्हा पाहिली. गप्पांच्या ओघात ब्रॅडबरी आपल्या पुस्तकांविषयी बोलतो, आणि मग एका कथेचे कथानक सांगू लागतो. ही कथा १९५० साली 'द सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये आली होती, पुढे 'द वेल्ट' या नावाने प्रसिद्ध झाली. एका घरात मुलांच्या खोलीच्या भिंती जिवंत पडद्यांच्या आहेत. मुलांना आफ्रिकेतले माळरान आणि सिंह आवडतात. आई-वडील ती खोली बंद करायची म्हणतात, आणि शेवटी सिंह आई-वडिलांना खातात. ऐन रात्री, घरोघरी कुटुंबे दूरचित्रवाणीसमोर बसलेली असताना, त्याच दूरचित्रवाणीतून, अमेरिकेतल्या सर्वांत तिखट जिभेच्या माणसासमोर उभे राहून तो हे सांगतो. बीटीचे म्हणणे त्याने स्वतःच्या वागण्याने खरे ठरवले, असा आमचा पहिला समज होता. आता तसे वाटत नाही. बोकची चित्रे घेऊन राइटच्या कार्यालयात शिरलेला मुलगाच आम्हांला तेथे उभा दिसतो. फरक इतकाच, की या खेपेस सामानात स्वतःची कथा आहे.

पुढच्या तासाला आम्ही वर्गाला बोकचे डिसेंबर १९३९ चे मुखपृष्ठ दाखवले. चित्रफीत आणणाऱ्या विद्यार्थ्याने ते बराच वेळ न्याहाळले आणि मग विचारले, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही, असे सांगितल्यावर त्याने मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला.