नथ, बसरा मोती आणि पॅरिसचा जवाहिऱ्या

मागच्या दिवाळीत नात घरी आली होती. कपाट आवरताना तिच्या हाती माझ्या आईची नथ लागली. ती बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिली आणि मग अगदी सहज म्हणाली, "आजी, नथ काही मी रोज घालणार नाही. हिचे कानातले करूया का? मोती किती सुंदर आहेत!"

मी तेव्हा काहीच बोलले नाही. नथ डबीत ठेवली आणि डबी कपाटात. पण मनातून तो प्रश्न काही गेला नाही. एकीकडे वाटत होतं, माझ्या आजीच्या नाकातून आईच्या नाकात आलेली वस्तू मोडायची म्हणजे काय! दुसरीकडे वाटत होतं, कपाटात पडून राहिलेला दागिना कोणाच्या कामाचा? आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे सवय अशी जडली आहे की घरातला प्रश्न सुटेना की मी इतिहासाकडे वळते. या वेळी वळले ती एका पॅरिसच्या जवाहिऱ्याकडे. त्याचं नाव जाक कार्तिए.

कार्तिए हे जवाहिऱ्यांचं घराणं. पणजोबांनी नव्हे, आजोबांनी १८४७ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली पेढी तीन नातवांनी जगभर नेली. थोरला लुई पॅरिसला, मधला पिएर न्यूयॉर्कला आणि धाकटा जाक लंडनला. १९११ च्या डिसेंबरात दिल्लीत पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरणार होता. हिंदुस्थानातले सगळे राजेरजवाडे एकाच जागी, तेही अंगावर खजिना घालून! जवाहिऱ्याला याहून मोठी पर्वणी कोणती? सत्तावीस वर्षांचा जाक बोटीने हिंदुस्थानात आला.

त्याला येताना वाटलं असणार, की इथल्या राण्यांना पॅरिसचे दागिने विकू. इथे आल्यावर दिसलं ते निराळंच. राण्या पडद्याआड, आणि दागिन्यांचे खरे शौकीन राजे स्वतःच. शिरपेच, कंठे, बाजूबंद, सगळं पुरुषांच्या अंगावर. शिवाय त्यांच्याकडे खड्यांची कमी नव्हती. त्यांना हवी होती नवी घडण. पिढ्यान्‌पिढ्यांचे दागिने उकलायचे आणि तेच खडे पॅरिसच्या पद्धतीने प्लॅटिनममध्ये बसवून घ्यायचे.

यातला फरक थोडा समजून घ्यायला हवा. आपल्याकडे कुंदनकामात खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा ठेवतात. त्याला डांक म्हणतात. भोवतीने शुद्ध सोन्याची पट्टी दाबून खडा पक्का करतात. मागची बाजू बंद असते आणि तिच्यावर पुष्कळदा मीनाकाम असतं. म्हणजे जी बाजू अंगाला टेकते, जगाला दिसत नाही, तिच्यावरही कारागिराने फुलं काढलेली. प्लॅटिनम हा चिवट धातू, त्याच्या बारीकशा नख्याही खडा धरून ठेवतात. खडा मागून मोकळा राहतो, उजेड आरपार जातो, दागिना हलका दिसतो. राजांना हे हलकं, लखलखीत रूप आवडलं यात नवल नाही. काळ बदलला की डोळेही बदलतात. माझ्या नातीचे बदलले तसेच.

आता एक गंमत सांगते. ज्या दरबारासाठी जाक इतक्या दूर आला, त्याच दरबारात १२ डिसेंबर १९११ रोजी आपले सयाजीराव गायकवाड बादशहासमोर गेले ते इतर राजांसारखा साज न चढवता. एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. केवढा गहजब झाला! पुढे त्यांना खुलाशाचं पत्रही द्यावं लागलं. वर्गात हा प्रसंग सांगताना मी नेहमी स्वाभिमानावर बोलायचे. आता वाटतं, अंगावर काय घालायचं याइतकंच काय घालायचं नाही यालाही अर्थ असतो, हेही मुलांना सांगायला हवं होतं.

बडोद्याचा खजिना पाहायलाही जाक गेला होता. पण दरबाराच्या पिढीजात जवाहिऱ्यांना हा परदेशी माणूस कसा रुचणार? तिथल्या मोठ्या कामाचं त्या वेळी काही जमलं नाही. मला त्या जुन्या जवाहिऱ्यांचा राग येत नाही. त्यांच्या बापजाद्यांनी घडवलेलंच मोडायला तो आला होता.

दिल्लीहून पुढे १९१२ मध्ये जाक पर्शियन आखातात गेला, बहारीनला. तिथल्या शेख आणि मोती-व्यापाऱ्यांबरोबर बसलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. त्या काळी मोती हिऱ्यालाही भारी होता. पॅरिसमध्ये आखाती मोत्यांच्या व्यापारावर रोझेंथाल बंधूंचा वरचष्मा होता, आणि कार्तिए मंडळींना थेट मुळाशी जाऊन माल मिळवायचा होता. मोती किती महाग होता याचं एकच उदाहरण देते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची एक अख्खी हवेली पिएर कार्तिएने १९१७ साली मिळवली ती १२८ मोत्यांचा दुपदरी सर आणि वर १०० डॉलर देऊन! सराची किंमत तेव्हा १० लाख डॉलर धरली होती.

हे आखाती मोती म्हणजेच आपले बसरा मोती. त्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. आखातातून मोती मुंबईला यायचे. इथे ते निवडले जायचे, वेज पाडली जायची, सर ओवले जायचे आणि मग काही युरोपला, काही राजवाड्यात, आणि चार-दोन तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरच्या नथीत. म्हणजे जाक ज्या समुद्रावर मोती शोधत गेला, त्याच समुद्रातून आलेले मोती माझ्या आजीच्या नाकात होते. हे लक्षात आल्यावर मी डबी पुन्हा उघडली.

पण ते मोती काढणारे कोण? उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रात. पाणबुड्या पायाला दगड बांधून तळाशी जायचा, मिनिटभर श्वास रोखून शिंपले गोळा करायचा, दोर हलवला की वरचा साथीदार त्याला ओढून घ्यायचा. दिवसभर हेच. पगार नाही, मिळकतीत वाटा, आणि वाट्याआधी घेतलेली उचल. उचल फिटायची नाही. बाप गेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर. १९२० च्या दशकात बहारीनमध्ये यावर काही सुधारणा झाल्या, पण तोवर कित्येक पिढ्या त्यात गेल्या होत्या. आणखी एक गोष्ट वाचताना मी थबकले. पाणी आत जाऊ नये म्हणून हे लोक नाकाला चिमटा लावत. एकाने नाक बंद करून तळातून मोती आणायचा, दुसरीने तो नाकात मिरवायचा. आजीला हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मलाही सत्तरी उलटल्यावर कळलं.

पुढे जपानमध्ये मिकिमोतोने मोत्याची शेती यशस्वी केली, १९२० च्या दशकात ते गोल मोती युरोपच्या बाजारात आले. त्यातच १९२९ ची जागतिक मंदी. आखाती मोत्याचा धंदा बसला तो बसलाच. त्या हवेलीच्या बदल्यात दिलेला सर १९५७ मध्ये विकला गेला तेव्हा दोन लाख डॉलरही आले नाहीत. हवेलीत मात्र कार्तिएचं दुकान अजून आहे.

जाक नंतरही हिंदुस्थानात येत राहिला. इथून तो नुसते खडे नेत नव्हता, आकारही नेत होता. जयपूरचे कारागीर पाचू, माणिक, नीलम यांना पानाफुलांचे, फळांचे आकार देत. मुघल काळापासूनची ती कला. यातला उत्तम पाचू मुळात कोलंबियाचा. पोर्तुगीज काळात तो समुद्रामार्गे गोव्याला उतरायचा आणि तिथून मुघल दरबारी पोचायचा. माणिक ब्रह्मदेशचे. जयपूरला कोरलेली ही पानं पॅरिस-लंडनला गेली आणि हिऱ्यांच्या वेलीवर लाल, हिरवी, निळी अशी दाटीवाटीने बसली. पॅरिसच्या नजरेला एवढे रंग एकत्र म्हणजे धाडसच होतं. आपल्याला त्यात नवं काही वाटलं नसतं. पुढे १९७० च्या दशकात या शैलीला 'टुटी फ्रुटी' असं नाव पडलं. आइस्क्रीमचं नाव! १९२८ साली एडविना माउंटबॅटन यांनी असाच एक शिरोभूषणाचा पट्टा घेतला होता.

त्या दागिन्यावर कार्तिएचं नाव आहे, घेणारीचं नाव इतिहासात आहे. पान कोरणाऱ्या जयपूरच्या माणसाचं नाव कुठेच नाही.

मला जास्त लागलं ते दुसरंच. कार्तिए आपल्या दागिन्यांची चित्रं, साचे, फोटो जपून ठेवत आले. त्यामुळे पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंगांचा १९२८ चा प्रचंड हार, २,९३० हिरे आणि मध्ये सुमारे २३४ कॅरटचा पिवळा हिरा, १९४८ च्या सुमारास खजिन्यातून नाहीसा झाला तरी जगाच्या आठवणीतून गेला नाही. १९९८ मध्ये लंडनला त्याचा हिरे उपटलेला सांगाडा सापडला, तो ओळखता आला आणि बदली खडे घालून पुन्हा उभा करता आला. पण असल्या कामांसाठी राजांनी स्वतःचे जे जुने दागिने मोडले, त्यांचं काय? ती कुंदनाची घडण, मागचं मीनाकाम, कोणी चित्र काढून ठेवलं? खडे उरले, रूप गेलं. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा त्या मानाने नशीबवान. लाखो बारीक आखाती मोत्यांचा तो गालिचा २००९ मध्ये दोह्याला लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना गेला आणि आज कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या समुद्रातून मोती आले, त्याच समुद्राकाठी परतले. पण अख्खे परतले, न उकलता.

मोडणाऱ्या राजांना मी कशाला बोलू? १९८३ साली मुलीच्या शिक्षणासाठी नव्हे, काही अडचण म्हणूनही नव्हे, तर केवळ 'फॅशन जुनी झाली' म्हणून मी सासूबाईंच्या पाटल्या मोडून बांगड्या केल्या होत्या. सासूबाई हयात होत्या. "तुझ्याच आहेत, कर काय हवं ते," एवढंच म्हणाल्या. आज त्या पाटल्यांवरची नक्षी आठवायचा प्रयत्न करते. वेल होती की नुसत्या रेघा? आठवत नाही. सोनं आहे माझ्याकडे, तोळ्याला तोळा आहे. पाटल्या नाहीत.

म्हणून नातीला बोलावून घेतलं आणि हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग राहू दे आजी, नको मोडायला." मी म्हटलं, तसं नाही. दागिना घालण्यासाठी असतो. माझ्या आजीलाही आवडलं असतं तुझ्या कानात ते मोती पाहून. फक्त आधी काम करायचं. तिने चारही बाजूंनी फोटो काढले. आम्ही मोती मोजले, अकरा भरले. मधला माणकाचा खडा, सोन्याच्या तारेचा पीळ, सगळं मी वहीत उतरवलं. कोणाची, कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या लग्नात कोणी घातली, हेही. सोनाराच्या नावाची जागा मात्र कोरीच ठेवावी लागली. आजीच्या गावचा सोनार, एवढंच आई सांगायची.

मग सराफाकडे गेलो. आत बसलेल्या कारागिराने भिंगातून मोती पाहिले आणि म्हणाला, "असे आता विकत घेऊ म्हटलं तरी सहज मिळायचे नाहीत, ताई." कानातले झाले, साधेच आणि छान. घेताना मी त्याला त्याचं नाव विचारलं. तो जरा बावरला, काही चुकलं की काय असं वाटलं असावं बिचाऱ्याला. मी वही दाखवली तेव्हा हसला आणि नाव सांगितलं. गावही सांगितलं.

वहीत ते नीट अक्षरात लिहून ठेवलं आहे.