विमानांच्या नावांतील आकड्यांचे रहस्य

विमानाच्या तिकिटावर अथवा वेळापत्रकात ‘बोइंग ७३७-८००’, ‘एअरबस ए३२०’ अशी नावे प्रवासी नेहमी वाचतात. हे आकडे वरवर पाहता मनाला येतील तसे दिलेले वाटतात. प्रत्यक्षात त्यांत विमानाचे कूळ, पिढी, इंजिन आणि काही वेळा मूळ खरेदीदारही नोंदलेला असतो.

बोइंगची पद्धत
दुसऱ्या महायुद्धानंतर बोइंग कंपनीने आपल्या उत्पादनांसाठी शेकड्यांचे गट ठरविले. पाचशेचा गट टर्बाइन इंजिनांना, सहाशेचा क्षेपणास्त्रांना आणि सातशेचा जेट वाहतूक विमानांना मिळाला. ‘७००’पेक्षा ‘७०७’ हा आकडा लक्षात राहण्याजोगा वाटल्याने पहिल्या प्रवासी जेटला तेच नाव देण्यात आले. हे विमान १९५८ मध्ये प्रवासी सेवेत दाखल झाले.

जोडरेघेनंतरचा आकडा मालिका दर्शवितो. त्यातील शेवटच्या दोन शून्यांच्या जागी बोइंग पूर्वी ग्राहकाचा संकेतांक घालीत असे. एअर इंडियाचा संकेतांक ३७ होता. म्हणून १९६० मध्ये तिच्याकडे आलेले पहिले ७०७ विमान ‘७०७-४३७’ ठरले, तर तिची जम्बो ७४७-४०० विमाने ‘७४७-४३७’ म्हणून नोंदली गेली. विमान पुढे दुसऱ्या कंपनीला विकले, तरी हा संकेतांक बदलत नाही. ७८७ ड्रीमलायनर व ७३७ मॅक्स यांना मात्र तो दिलेला नाही.

एअरबसची पद्धत
एअरबसच्या ‘ए३००’ची मूळ योजना सुमारे तीनशे आसनांची होती. विमान प्रत्यक्षात लहान झाले, पण नाव कायम राहिले. एअरबसच्या संकेतांकात ग्राहकाऐवजी इंजिनाला स्थान आहे. ‘ए३२०-२५१एन’ या नावात २ हा मालिकेचा, ५ हा सीएफएम कंपनीच्या ‘लीप’ इंजिनाचा आणि १ हा इंजिनाच्या उपप्रकाराचा आकडा होय. अखेरचे ‘एन’ हे अक्षर ‘निओ’ म्हणजे नव्या इंजिनाचा पर्याय सुचविते. पाचाच्या जागी ७ असल्यास इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचे समजावे.

दोन शून्यांचे महत्त्व
७३७-८०० आणि ७३७-८ ही नावे सारखी भासली, तरी विमाने भिन्न आहेत. पहिले आधीच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ पिढीतील, तर दुसरे मॅक्स पिढीतील आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मॅक्स विमानांना अपघात होऊन एकूण ३४६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जगभर मॅक्सची उड्डाणे थांबविण्यात आली. ७३७-८०० विमानांना मात्र ही बंदी लागू नव्हती. त्या काळात आपले विमान कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन शून्यांतच दडलेले होते. आवश्यक बदलांनंतर भारतात मॅक्सला ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली.

हवाई वाहतूक नियंत्रणात असा घोटाळा होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने स्वतंत्र चार-अक्षरी संकेत ठरविले आहेत. त्यानुसार ७३७-८०० हे ‘बी७३८’, तर ७३७-८ हे ‘बी३८एम’ होय. केवळ ‘७३७’ एवढ्यावरून विमानाचे घराणे कळते. त्याची खरी ओळख मात्र जोडरेघेनंतरच सुरू होते.