उमरा : वऱ्हाडी कापसाचा मापदंड आणि त्याचे पारखी

अमरावती जिल्ह्यात चांदूर या नावाची दोन प्रमुख गावे असून एकास बाजाराने व दुसऱ्यास रेल्वेने ओळखले जाते. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे ही नावे वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचा सारांशच होत. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला आणि ज्या कापसाची पारख पूर्वी गावच्या बाजारात होत असे, तो दूरच्या अनोळखी ग्राहकाच्या तराजूत जाऊन पडला. अशा ग्राहकास माल न पाहता त्याची प्रत कशी कळावी, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला.

या प्रश्नाचे पहिले उत्तर नावाच्या रूपाने मिळाले. अमरावतीच्या ‘उमरावती’ या जुन्या उच्चारावरून मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ ही संज्ञा रूढ झाली. स्थलनामाचे असे गुणनाम होणे भाषेच्या इतिहासात नवे नाही. परंतु गुणनाम टिकते ते गुण टिकेपर्यंतच. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) हिंदी कापसास मागणी वाढली, तशी भेसळही वाढली आणि लँकेशायरमध्ये ‘सुरत’ हा शब्द निकृष्ट मालाचा वाचक बनला. 1863 मध्ये मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध कायदा झाला. ‘उमरा’ या नावाखाली तर पुढे वऱ्हाडाबरोबर खानदेश व मध्य प्रांत येथील कापूसही विकला जाऊ लागला. नाव विस्तारले, अर्थ मात्र सैल झाला.

वऱ्हाडात झालेला प्रयत्न निराळ्या स्वरूपाचा होता. 1886 मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 च्या कायद्याने कापूस व धान्य यांच्या बाजारांस नियम लागू झाले. दलाल व मापारी यांना परवाने घ्यावे लागले. 1928 च्या शाही शेती आयोगाने या व्यवस्थेची विशेष दखल घेतली. तथापि तिने नियमन केले ते व्यवहाराचे व तोलाचे; प्रतीचे नव्हे.

या उणिवेचा परिणाम शेतात दिसून आला. वऱ्हाडातील बनी हा लांब धाग्याचा व नाजूक पोताचा कापूस. जडी आखूड धाग्याची, परंतु काटक आणि रुईचा उतारा अधिक देणारी. बाजाराने उतारा मोजला, धाग्यास त्या प्रमाणात अधिक भाव दिला नाही. तेव्हा कुणब्याने बनी सोडून जडी पेरली. त्यास अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. जे मोजले गेले, तेच त्याने पिकविले.

प्रतीचे शास्त्रीय मोजमाप पुढील शतकात आले. 1921 मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि 1924 मध्ये माटुंगा येथे तिची तांत्रिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे नमुन्याचे प्रत्यक्ष सूत कातून त्याची योग्यता ठरविली जाई. 1925 च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण बंधनकारक झाली. त्यामुळे दोष कोणत्या कारखान्यातील, हे सांगता येऊ लागले. नावाची जागा उत्तरदायित्वाने घेतली, हा या घटनेचा खरा अर्थ होय.

तरीही यंत्र आणि कायदा यांच्यामध्ये माणूस उरतोच. सरकी किती फुटते, कवडी कितपत वेचली जाते, ओली रुई गाठीत जाते की नाही, हे जिनावरील कामगाराच्या हातावर अवलंबून असते. 1972 मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रावरील ग्रेडरचा डोळा हाच शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा निर्णायक ठरला. दोन केंद्रांवरील ग्रेडरांची नजर एकसारखी नसेल, तर नियमपुस्तकातील प्रतवारी एकच असूनही भाव दोन होतात. म्हणूनच नागपूर येथे जिनिंगच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र उभारले गेले, यास महत्त्व आहे.

वऱ्हाडच्या या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मापदंड अपुरा असेल, तर तो प्रत सुधारण्याऐवजी घसरवितो. आणि मापदंड योग्य असला, तरी तो वापरणारा हात शिकलेला नसेल, तर ‘उमरा’प्रमाणे केवळ शब्द शिल्लक राहतो.